डुकराच्या रक्तावर मोनोक्लोनल अँटिबॉडी: माझ्या टेबलावरची रीत

११४ नंबरच्या डुकराचा डॉट प्लॉट, म्हणजे फ्लो सायटोमीटर या यंत्राने एकेका पेशीवरचा रंग मोजून काढलेला ठिपक्यांचा आलेख, मी अजून जपून ठेवला आहे. त्या दिवशी सहा डुकरांचं रक्त तपासायला आलं होतं. पाचांच्या आलेखात सीडी४ चा, म्हणजे हेल्पर (मदतनीस) टी-पेशींवरच्या रेणूचा, ढग नेहमीच्या जागी, उजवीकडे सरकलेला, कडा स्वच्छ. सहाव्यात ती जागा कोरी. माझी विद्यार्थिनी खुर्ची मागे सारून म्हणाली, "मॅडम, याला हेल्पर टी-पेशीच नाहीत." डुक्कर मात्र धडधाकट होतं. खाणं व्यवस्थित, वाढ व्यवस्थित, लसीला प्रतिसादही चांगला. मी तिला म्हटलं, "पेशी आहेत की नाहीत ते आपण अजून पाहिलेलंच नाही. ७४-१२-४ या सीडी४ च्या अँटिबॉडीला चिकटायला काही सापडलं नाही, एवढंच पाहिलंय."

डुक्कर, गाय, शेळी, मेंढी यांच्या प्रतिकारशक्तीवर काम करायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हाच आलेख दाखवते. मोनोक्लोनल अँटिबॉडी पेशी ओळखत नाही. एखाद्या प्रथिनाच्या पृष्ठभागावरचा चिमुकला तुकडा, म्हणजे एपिटोप, तेवढाच तिला कळतो. तो तुकडा जिथे असेल तिथे ती चिकटेल आणि जिथे बदललेला असेल तिथे ती गप्प राहील. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीच्या आधाराने केलेलं काम आहे.

क्लोनचं नाव पाठ करा

१९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतली अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि न थांबता वाढणारी मायलोमा (कर्करोगी) पेशी एकत्र जोडली. त्यातून हायब्रिडोमा निघाला. एका हायब्रिडोमातून वाढलेली सगळी वंशावळ म्हणजे एक क्लोन, आणि त्या क्लोनची प्रत्येक अँटिबॉडी अगदी एकसारखी. १९८४ चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना नील्स येर्नेबरोबर मिळालं. त्याच वर्षी पेस्कोविट्झ, लनी आणि सॅक्स यांचं डुकराच्या पांढऱ्या पेशींवरच्या मोनोक्लोनल अँटिबॉडींचं काम प्रसिद्ध झालं. ७४-१२-४ आणि ७६-२-११ ही आजही रोज वापरली जाणारी नावं त्याच मालिकेतली. पुढे १९९२ मध्ये बुडापेस्टला डुकराच्या सीडी रेणूंची, म्हणजे पांढऱ्या पेशींवरच्या क्रमांक दिलेल्या खुणांची, पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली. निरनिराळ्या प्रयोगशाळांनी आपापले क्लोन एकत्र आणून एकाच पेशींवर तपासले आणि कोणता क्लोन कोणता रेणू ओळखतो याची यादी लागली. ज्यांचा माणसातला जोडीदार तेव्हा ठरला नव्हता, त्यांना एसडब्ल्यूसी असे क्रमांक मिळाले. एसडब्ल्यूसी३ पुढे सीडी१७२ए ठरला.

म्हणून वहीत "सीडी४ अँटिबॉडी वापरली" असं लिहिलेलं मला चालत नाही. क्लोन, आयसोटाइप, रंग, लॉट नंबर आणि वापरलेलं प्रमाण, या पाच गोष्टी हव्यात. आयसोटाइप म्हणजे अँटिबॉडीचा उपप्रकार, जसं आयजीजी१ किंवा आयजीजी२ए. तो का लिहायचा, ते पुढे येईल. डुकराच्या कामात खरी मेख तिथेच आहे.

सुरुवातीला माझ्या हाताशी हे क्लोन असतात: सगळ्या टी-पेशींवर असणाऱ्या सीडी३ साठी पीपीटी३, आयजीजी१. सीडी४ साठी ७४-१२-४, आयजीजी२बी. सीडी८ अल्फासाठी ७६-२-११, आयजीजी२ए. गॅमा-डेल्टा या टी-पेशींच्या वेगळ्या गटासाठी पीजीबीएल२२ए किंवा पीपीटी१६. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींच्या गटासाठी सीडी१७२ए ओळखणारा ७४-२२-१५. परिपक्व मॅक्रोफेजसाठी सीडी१६३ ओळखणारा २ए१०/११. हा शेवटचा विशेष महत्त्वाचा, कारण पीआरआरएस (डुकरांचा प्रजनन आणि श्वसनाचा रोग) विषाणू डुकराच्या मॅक्रोफेजमध्ये शिरायला सीडी१६३ चाच आधार घेतो. तो रेणू जनुक-संपादनाने काढून टाकलेली डुकरं त्या विषाणूला दाद देत नाहीत.

पहिल्या तिघांचे आयसोटाइप पाहा: एक, दोन-बी, दोन-ए. तिन्ही वेगळे. ही जुळणी हाती लागली की नवशिक्याचं निम्मं काम झालं.

रक्त कसं घ्यायचं, कसं आणायचं

अँटिबॉडी कितीही चांगली असली तरी रक्त खराब असेल तर हाती काही लागत नाही. डुक्कर घाबरलं, ओरडलं, धडपडलं की कॉर्टिसॉल वाढतं आणि पांढऱ्या पेशींचं प्रमाण काही वेळातच बदलतं. न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. म्हणून धरणारा माणूस सरावाचा हवा. लहान पिल्लाला उताणं धरून आणि मोठ्या डुकराला वरच्या जबड्याभोवती फास देऊन रक्त घेतात. काय केलं, किती वेळ लागला, डुकराने किती झटापट केली, हे मी नमुन्याच्या नळीबरोबरच लिहून घेते. पुढे एखादा विचित्र आकडा दिसला की पहिल्यांदा तो कागद काढायचा.

नळी हेपॅरिनची किंवा ईडीटीएची. पेशी पुढे कल्चरमध्ये ठेवायच्या असतील तर मी हेपॅरिनच घेते, कारण ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं. सुई बारीक आणि ओढणं जोरात असलं की लाल पेशी फुटतात आणि प्लाझ्मा गुलाबी होतो. तसं रक्त मी शक्यतो परत घ्यायला सांगते. रक्त बर्फात गाडून आणू नका. साध्या तापमानाला, उन्हापासून लांब, आणि होता होईल तो त्याच दिवशी कामाला लावायचं.

रक्त पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट द्रावणात) निम्मं पातळ करून १.०७७ घनतेच्या द्रावणावर अलगद सोडायचं. नळी तिरपी, पिपेटचं टोक काचेला टेकलेलं, आणि हात थांबू द्यायचा नाही. थेंबाथेंबाने सोडलं तर पृष्ठभाग फुटतो आणि दोन्ही थर एकमेकांत मिसळतात. सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवा. यंत्र थांबलं की मधल्या थरात दुधाळ कडं दिसतं. त्याच आपल्या पेशी. ते कडं उचलताना खालचं द्रावण जितकं कमी येईल तितकं चांगलं, कारण ते द्रावण जास्त आलं तर पुढच्या धुण्यात पेशी तळाशी बसत नाहीत. दोनदा धुवा, लाल पेशी उरल्या असतील तर अमोनियम क्लोराइडने फोडा, आणि ट्रिपन ब्लूने जिवंत-मेलेल्या मोजा.

एक गोष्ट मी आग्रहाने करते. एका निरोगी डुकराचं भरपूर रक्त एकदाच घेऊन त्याच्या पेशी दहा टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं रसायन) घातलेल्या सीरममध्ये लहान लहान कुप्यांत, द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवते. प्रत्येक प्रयोगात त्यातली एक कुपी निघते. एकदा एका पुरवठादाराकडून त्याच क्लोनचा नवा लॉट आला आणि सगळ्या कळपाचा सीडी८ निम्मा दिसू लागला. दोन आठवडे आम्ही रोगाचा विचार करत होतो. गोठवलेल्या पेशींवर जुना आणि नवा लॉट शेजारी शेजारी लावला तेव्हा एका दुपारीत उलगडा झाला: नव्या लॉटचा रंगच फिका होता. त्या दोन आठवड्यांची हळहळ मला अजून आहे. कारण तोवर कळपाबद्दल एक चुकीचा निरोप पुढे गेला होता.

प्रमाण ठरवा, छापील आकड्यावर जाऊ नका

कुपीबरोबर आलेल्या कागदावरचं प्रमाण ही सुरुवात समजा. आठ नळ्या घ्या, प्रत्येकीत सारख्याच पेशी, म्हणजे पाच लाख ते दहा लाख. अँटिबॉडी प्रत्येक नळीत निम्मी निम्मी करत जा. मग बघायचं की चिकटलेल्या आणि न चिकटलेल्या पेशींचे दोन ढग सगळ्यात जास्त लांब कुठे आहेत. अँटिबॉडी जास्त झाली की उजवा ढग आणखी उजवीकडे जात नाही. डावा ढगच उजवीकडे सरकायला लागतो आणि दोघांतलं अंतर कमी होतं. ती जागा ओलांडू नका. चाचणीत जितक्या पेशी घेतल्या, रोजच्या कामातही तितक्याच घ्या. पेशी चौपट केल्या आणि अँटिबॉडी तेवढीच ठेवली तर हा सगळा खटाटोप वाया.

रंगवण्याचा क्रम

माणूस आणि उंदीर यांच्या कामात बहुतेक अँटिबॉडी वेगवेगळ्या रंगांना थेट जोडलेल्या मिळतात. जनावरांसाठी तशी चैन नाही. पुष्कळ चांगले क्लोन साधेच, बिनरंगाचे मिळतात. मग त्यांना दुसऱ्या अँटिबॉडीने रंग द्यावा लागतो, आणि तिथे आयसोटाइप उपयोगी पडतो. उंदराच्या आयजीजी१ ला ओळखणारी रंगीत अँटिबॉडी फक्त पीपीटी३ शोधेल, आयजीजी२बी ची फक्त ७४-१२-४ आणि आयजीजी२ए ची फक्त ७६-२-११. एकाच नळीत तीन प्रश्न, तीन उत्तरं. एका नळीत दोन आयजीजी१ टाकले की दोघांना एकच रंग लागणार आणि कोण कुठला ते कळणार नाही.

माझा क्रम असा असतो. आधी मेलेल्या पेशी ओळखणारा रंग, तोही प्रथिन नसलेल्या पीबीएसमध्ये. सीरम असेल तर हा रंग सीरमच्या प्रथिनांनाच लागून संपतो. मग पीबीएसमध्ये दहा टक्के डुकराचा प्लाझ्मा घालून त्यात पेशी काही मिनिटं ठेवायच्या, म्हणजे मोनोसाइट आणि मॅक्रोफेजवरचे एफसी रिसेप्टर, म्हणजे कुठल्याही अँटिबॉडीचं शेपूट पकडणाऱ्या जागा, भरून जातात. या पायरीला उंदराची आयजीजी वापरायची नाही. ती आत्ता घातली तर पुढे येणारी उंदराविरुद्धची रंगीत अँटिबॉडी तिच्यावरही जाऊन बसते आणि सगळी नळी उजळते. ही चूक मी चांगल्या चांगल्या प्रयोगशाळांत पाहिली आहे.

नंतर तिन्ही बिनरंगाच्या अँटिबॉडी एकत्र, चार अंशाला वीस मिनिटं. दोनदा धुवा. मग आयसोटाइप ओळखणाऱ्या रंगीत अँटिबॉडी, पुन्हा वीस मिनिटं, अंधारात. पुन्हा दोनदा धुवा. आता, आणि आत्ताच, उंदराची साधी आयजीजी भरपूर घाला. रंगीत अँटिबॉडीच्या मोकळ्या राहिलेल्या जागा ती भरून टाकते. त्यानंतर थेट रंग जोडलेली चौथी किंवा पाचवी अँटिबॉडी टाकली तर ती आधीच्या रंगांत अडकत नाही. हा मधला थांबा चुकवला तर चौथा रंग पहिल्या तिघांच्या पेशींवर दिसायला लागतो आणि डुकरात एक नवीच पेशी सापडल्याचा भास होतो.

रंगीत अँटिबॉडी घेताना ती डुकराच्या इम्युनोग्लोब्युलिनवर (म्हणजे डुकराच्या अँटिबॉडीवर) शोषून साफ केलेली आहे का ते विचारा. बी-पेशींच्या पृष्ठभागावर डुकराची स्वतःची इम्युनोग्लोब्युलिन असते. साफ न केलेली अँटिबॉडी तिलाच जाऊन चिकटते. त्यासाठी एक नळी पहिल्या अँटिबॉडीशिवाय, फक्त रंगीत अँटिबॉडीची, दर वेळी ठेवायची. बायोटिन-स्ट्रेप्टाविडिन ही एकमेकांना घट्ट धरणारी जोडी वापरत असाल तर धुणं आरपीएमआयमध्ये करू नका, त्या माध्यमात मोकळं बायोटिन असतं.

प्रत्येक रंगाची एकेकटी नळी आणि प्रत्येक रंग वगळून बाकी सगळे घातलेली नळी, या दोन्ही कंटाळवाण्या वाटल्या तरी सोडू नका. गेटची, म्हणजे कोणत्या पेशी मोजायच्या त्या हद्दीची, रेघ कुठे मारायची ते दुसऱ्या प्रकारची नळीच सांगते. फुप्फुसातले मॅक्रोफेज तपासत असाल तर अजिबात रंग न घातलेली नळीही हवी, कारण त्या पेशी स्वतःच चमकतात.

पडद्यावर काय दिसतं

डुकराचं रक्त माणसासारखं वाचायला गेलात तर फसाल. सीडी४ आणि सीडी८ अल्फा यांचा आलेख काढला की चार कोपऱ्यांपैकी वरचा उजवा कोपरा माणसात जवळजवळ रिकामा असतो. डुकरात तो भरलेला असतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॉम्पेन्सेशन, म्हणजे एका रंगाची दुसऱ्यात सांडणारी चमक वजा करणं, तीनदा तपासलं होतं. यंत्र बरोबर होतं. डुकराच्या हेल्पर टी-पेशी एकदा अँटिजेनला (परक्या रेणूला) सामोऱ्या गेल्या की सीडी८ अल्फा अंगावर घेतात, आणि वय वाढेल तसा हा गट वाढत जातो. लसीची स्मृती कुठे राहिली ते बघायचं असेल तर नजर याच कोपऱ्यावर ठेवा.

त्यामुळेच सीडी८ अल्फा म्हणजे मारक पेशी असा हिशोब डुकरात चालत नाही. या दुहेरी पेशींवर तो आहे, एनके (नॅचरल किलर) पेशींवर आहे, काही गॅमा-डेल्टा पेशींवरही आहे. खऱ्या मारक टी-पेशी हव्या असतील तर सीडी८ बीटा बघा. त्यासाठी पीपीटी२३ आहे. एनके पेशींसाठी सीडी३ नसलेल्या आणि सीडी८ अल्फा, सीडी१६ असलेल्या पेशी निवडा. सीडी४ सुद्धा एकट्याने पुरा पडत नाही. प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी या टी-पेशी नाहीत, तरी त्यांच्यावर तो ठळक असतो. म्हणून सीडी३ चा रंग कधी सोडू नका.

आणखी एक सवय मोडावी लागते. माणसात टी-पेशीवर एमएचसी वर्ग दोनचे (अँटिजेनचे तुकडे दाखवणारे) रेणू दिसले की ती पेशी जागी झाली असं समजतात. डुकराच्या शांत टी-पेशींपैकीही बऱ्याच जणींवर हे रेणू असतात. जागेपण बघायला मी सीडी२५ घेते, क्लोन के२३१.३बी२.

लहान पिल्लांच्या रक्तात गॅमा-डेल्टा टी-पेशींचा वाटा मोठा असतो, वासरांतही तसंच. पाच टक्क्यांची अपेक्षा ठेवून बसलेल्या माणसाला धक्का बसतो. पिल्लांचं काम करताना आणखी एक लक्षात ठेवा. डुकरिणीच्या वारेतून अँटिबॉडी पिल्लाकडे जात नाहीत. जन्मताच पिल्लाच्या रक्तात आईची आयजीजी जवळपास नसते. ती येते चिकातून, आणि आतड्याचं दार साधारण पहिल्या एक-दीड दिवसात बंद होतं. म्हणून नमुना चीक पिण्याआधीचा की नंतरचा हे तासात लिहा. नुसतं "एक दिवसाचं पिल्लू" असं लिहिलं तर काहीच कळत नाही.

आता ११४ नंबर. आम्ही त्याच्या सीडी३ पेशींतून गॅमा-डेल्टा वजा केल्या, सीडी८ बीटा वजा केल्या. जे उरलं ते बाकी पाच डुकरांतल्या हेल्पर पेशींएवढंच भरलं. म्हणजे पेशी जागच्या जागी होत्या. डुकराच्या सीडी४ चं एक वेगळं रूप आहे ज्याला ७४-१२-४ चिकटत नाही. मिनी डुकरांत त्याचं वर्णन १९९२ मध्येच झालं आहे, आणि ते इतर जातींतही आढळतं. दोन्ही पालकांकडून तेच रूप आलं तर कोपरा पूर्ण कोरा राहतो. एकाकडून आलं तर ढग थोडा फिका दिसतो. प्रयोग सुरू करण्याआधी सगळ्या डुकरांचं एकदा साधं सीडी४ स्टेनिंग करून घ्या आणि अशी डुकरं गटवारीतच बाजूला काढा. लस दिल्यावर, सहा महिने गेल्यावर हे कळलं तर फार वाईट वाटतं.

दुसऱ्या प्राण्याची अँटिबॉडी डुकराला चालेल का

हा प्रश्न मला आठवड्याला एकदा तरी येतो. पृष्ठभागावरचे रेणू उत्क्रांतीत भराभर बदलतात, त्यामुळे माणसाच्या सीडी४ ची अँटिबॉडी डुकरात चालेल अशी आशा धरू नका. पेशीच्या आतली प्रथिनं जास्त टिकून राहतात आणि तिथे नशीब साथ देतं. उंदराच्या फॉक्सपी३ (नियामक टी-पेशींमधलं प्रथिन) विरुद्ध बनवलेला एफजेके-१६एस डुकरात छान चालतो. माणसाच्या सीडी७९ अल्फावरचा एचएम५७ बऱ्याच जनावरांच्या बी-पेशी दाखवतो. गाईच्या इंटरफेरॉन-गॅमावरचा (टी-पेशी सोडतात त्या संदेश-रेणूवरचा) सीसी३०२ डुकरातही चालतो.

चालतो हे ठरवायचं कसं? नुसता ढग दिसला म्हणजे चालला असं नाही. ज्या पेशींवर तो रेणू असायला हवा तिथे तो दिसतो का, जिथे नसायला हवा तिथे नाहीच ना, आणि पेशी चेतवल्यावर अपेक्षेप्रमाणे वाढतो का, या तिन्ही गोष्टी बघा.

गाईंचं काम करणाऱ्यांसाठी क्लोनच्या नावातच पत्ता असतो. आयएल-ए ने सुरू होणारे क्लोन नैरोबीच्या इल्राड या जनावरांच्या रोगांवरच्या संशोधन संस्थेतले, सीसी ने सुरू होणारे इंग्लंडमधल्या कॉम्पटनच्या संशोधन संस्थेतले. सीडी४ साठी आयएल-ए११, सीडी८ साठी सीसी६३, आणि गॅमा-डेल्टा पेशींवरच्या डब्ल्यूसी१ साठी आयएल-ए२९. यांतले काही मेंढी-शेळीतही चालतात, पण प्रत्येकाची खात्री स्वतः करा.

पेशी काय करते ते बघायचं असेल तर

पेशी आहे एवढ्याने भागत नाही, ती काम करते का ते हवं असतं. त्यासाठी मी बहुतेक वेळा इंटरफेरॉन-गॅमाचा एलिस्पॉट लावते, म्हणजे रेणू सोडणाऱ्या प्रत्येक पेशीचा एक ठिपका मोजणारी चाचणी. प्लेटच्या तळाला पी२जी१० लावायचा, त्यावर साधारण अडीच लाख पेशी आणि विषाणूचा अँटिजेन घालून रात्रभर किंवा थोडं जास्त ठेवायचं, मग बायोटिन लावलेला पी२सी११ घालायचा. हे दोन क्लोन एकाच रेणूच्या दोन वेगळ्या जागा धरतात, म्हणूनच जोडी जमते. प्लेट ठेवल्यावर इन्क्युबेटरचं दार आपटू नका आणि प्लेट हलवू नका. हलली की ठिपक्यांना शेपट्या फुटतात. एचआरपी हे रंग आणणारं एन्झाइम वापरत असाल तर धुण्याच्या द्रावणात सोडियम अझाइड चालत नाही, ते एन्झाइमच बंद पाडतं.

गाईंच्या क्षयाची इंटरफेरॉन-गॅमा चाचणीही अशाच जोडीवर उभी आहे. ताजं रक्त बोव्हाइन (गाईच्या) आणि एव्हियन (पक्ष्यांच्या) ट्युबरक्युलिनबरोबर, म्हणजे क्षयजंतूंच्या अर्कांबरोबर, वेगवेगळं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी प्लाझ्मात किती इंटरफेरॉन आलं ते मोजतात. दोन्हींतला फरक महत्त्वाचा.

ऊतींवर काम करायचं असेल तर आधी तुकडा कसा साठवला ते विचारा. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांत गुंतवतं आणि फ्लो सायटोमेट्रीत सुंदर चालणारे कितीतरी क्लोन पॅराफिनच्या कापावर आंधळे होतात. डुकराच्या पृष्ठभागीय रेणूंसाठी गोठवलेले काप घ्या. डुकराची लसिका ग्रंथी पाहताना गोंधळू नका, ती आतून बाहेर उलटी असते, जर्मिनल सेंटर (बी-पेशी वाढतात त्या जागा) मधोमध दिसतात.

अँटिबॉडीला स्पर्धेला लावणं

मोनोक्लोनल अँटिबॉडीचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग पेशींवरचा नाही, सीरमवरचा आहे. प्लेटवर विषाणूचं प्रथिन लावा, त्यावर जनावराचं सीरम आणि मोनोक्लोनल अँटिबॉडी एकत्र घाला. जनावराने आधी अँटिबॉडी तयार केली असेल तर ती जागा अडवते, मोनोक्लोनलला बसायला मिळत नाही, रंग फिका पडतो. रंग जितका फिका तितकी जनावराची अँटिबॉडी जास्त. इथे जनावराची अँटिबॉडी ओळखणारं वेगळं रसायन लागतच नाही, म्हणून एकच चाचणी गाय, म्हैस, शेळी, रानटी प्राणी सगळ्यांना चालते. बुळकांडी रोगाच्या सीरम पाहणीत एच प्रथिनावरच्या सी१ क्लोनची अशी चाचणी वापरली गेली, आणि २०११ मध्ये तो रोग जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. एका हायब्रिडोमाच्या अँटिबॉडीचा त्या कामात एवढा वाटा आहे, हे सांगताना आजही मला भरून येतं.

स्वतः क्लोन बनवावा का

ज्या रेणूसाठी कुणाकडेच काही नाही, तिथेच. उंदराला प्रथिन टोचणं, प्लीहेच्या पेशी एसपी२/० या मायलोमा पेशींबरोबर पीईजी या रसायनाने जोडणं, हॅट माध्यमात वाढवणं हे शिकता येतं. हॅटमध्ये न जोडलेली मायलोमा पेशी मरते कारण तिच्यात एचजीपीआरटी हे एन्झाइम नसतं, आणि न जोडलेली प्लीहेची पेशी थोड्या दिवसांत आपोआप संपते. जोडलेलीच उरते. अवघड भाग त्यानंतरचा: शेकडो खोबणींतून कामाची एक शोधणं. ही चाळणी त्याच पद्धतीने करा ज्यात पुढे अँटिबॉडी वापरायची आहे. एलायझावर (प्लेटवर लावलेल्या प्रथिनाच्या चाचणीत) निवडलेला क्लोन जिवंत पेशीवर चिकटेलच असं नाही, कारण प्लेटवर प्रथिन उलगडलेलं असू शकतं. चांगला क्लोन दिसला त्याच दिवशी थोड्या पेशी गोठवा. मग एकेक पेशी वेगळी करून दोनदा क्लोनिंग करा, नाहीतर अँटिबॉडी न बनवणाऱ्या भावंड-पेशी भराभर वाढून तिला झाकून टाकतात. आणि गोठवलेल्या कुप्या दोन वेगवेगळ्या टाक्यांत ठेवा. एका टाकीतला नायट्रोजन संपलेला मी पाहिला आहे, आणि तिच्यातल्या पेशी परत मिळाल्या नाहीत.

कुपी आल्या दिवशी

साधी अँटिबॉडी लहान लहान भागांत वाटून उणे वीसला ठेवा, प्रत्येक भाग एकदाच वितळवायचा. रंग जोडलेली अँटिबॉडी गोठवायची नाही, विशेषतः पीई आणि एपीसी हे रंग असलेली. ती चार अंशाला, अंधारात. जोडरंग (दोन रंग एकत्र जोडून केलेले) उजेडात तुटतात आणि त्यांची चमक शेजारच्या रंगात दिसू लागते, म्हणून हूडचा दिवाही मी मंद करते. स्वतः रंग जोडणार असाल तर कुपीत ट्रिस, ग्लायसिन किंवा बीएसए आहे का ते आधी वाचा, असेल तर काढून टाका, नाहीतर रंग त्यांनाच लागेल. प्रत्येक कुपीवर क्लोन, आयसोटाइप, लॉट, उघडल्याची तारीख आणि तुमच्या चाचणीत निघालेलं प्रमाण, न पुसणाऱ्या पेनाने, झाकणावर नाही तर कुपीच्या अंगावर लिहा. झाकणं अदलाबदल होतात.